बेचाळीस मीटरांवरचा आवाज



मुलुंडला आमच्या इमारतीच्या गच्चीवर एक तांब्याची तार ताणलेली आहे. तिची लांबी ६६ फूट. तिचें एक टोंक पाण्याच्या टाकीलगतच्या खांबाला बांधलेलें आहे, दुसरें जिन्यावरील खोलीच्या कोपऱ्याला. आणि बरोबर मध्यावर तार तोडून तिच्या दोन्ही अर्धांना जोडलेली केबल खालीं माझ्या खोलींत उतरली आहे. शेजारच्या मंडळींना ती वाळवणाची दोरी वाटते. एका बाईंनीं तर एकदां तिच्यावर खरोखरच गोधडी वाळत घातली होती! पण ती दोरी नसून माझें एरियल आहे. मी हौशी बिनतारी संदेशक आहे. ज्यांना जगभर 'हॅम' म्हणतात त्या जातीचा मनुष्य. सरकारी परीक्षा द्यावी, परवाना घ्यावा, स्वतःच्या यंत्रावरून दूरदेशींच्या अनोळखी माणसाशीं बोलावें, आणि त्याबद्दल कोणाकडून एक पैसाही घेऊं नये, हा आमचा धर्म.

गेल्या पावसाळ्यांत माझा अँप्लिफायर, म्हणजे विवर्धक, रुसला. आवाज बाहेर जातांना फाटूं लागला, व्हॉल्व्हची प्लेट लाल होऊं लागली, आणि मापकाचा कांटा जेथें स्थिर राहावयाचा तेथेंच थरथरूं लागला. आठ रात्रीं मी त्याच्याशीं झगडलों. सांधे तपासले, कंडेन्सर बदलले, एक चांगला व्हॉल्व्ह उगाच काढून त्याच्या जागीं दुसरा घातला. नवव्या दिवशीं सकाळीं सहज गच्चीवर गेलों आणि दोष सांपडला. तारेच्या मध्यावरील जोडाला गुंडाळलेली पट्टी सुटून आंत पाणी शिरलें होतें. विवर्धक निर्दोष होता. बिचारा एरियलच्या पापाची शिक्षा भोगीत होता.

त्या आठ रात्रींत एक विचार माझ्या मनांत वारंवार येत होता. मला सर्व कांहीं अनुकूल होतें. खोली माझी, परवाना भिंतीवर लावलेला, आणि आज नाहीं तर उद्यां दुरुस्ती होईल अशी स्वस्थता. परंतु याच मुंबईंत, जवळजवळ याच लांबीच्या लहरींवर, १९४२ सालीं कांहीं माणसें हेंच काम करीत होतीं. त्यांच्यापाशीं परवाना नव्हता, स्वतःचें घर नव्हतें, आणि दोष शोधण्यासाठीं आठ रात्रीं तर नव्हत्याच. त्यांचीच हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

मुंबईला बिनतारीचा नाद फार जुना. १९२१ च्या ऑगस्ट महिन्यांत 'टाइम्स ऑफ इंडिया'च्या इमारतीवरून, टपाल व तार खात्याच्या साहाय्यानें, संगीताचा एक खास कार्यक्रम ध्वनिक्षेपित करण्यांत आला आणि मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनीं तो पुण्यास बसून ऐकला. १९२३ सालीं मुंबईच्या रेडिओ क्लबानें आपले कार्यक्रम सुरू केले. २३ जुलै १९२७ रोजीं व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्तें इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचें उद्घाटन झालें. कंपनी १९३० सालीं बुडाली, तिचा कारभार सरकारनें हातीं घेतला, आणि १९३६ सालीं त्याला ऑल इंडिया रेडिओ हें नांव मिळालें. या क्रमाकडे जरा लक्ष द्यावें. आधीं हौशी मंडळी, मग कंपनी, मग सरकार. जें खेळ म्हणून सुरू झालें तें व्यापार बनलें, आणि जें व्यापार होतें तें सत्तेचें साधन झालें.

१९३९ सालीं महायुद्ध पेटलें तेव्हां हौशी संदेशकांचे परवाने थांबविण्यांत आले आणि आपलीं ध्वनिक्षेपक यंत्रें पोलिसांच्या स्वाधीन करण्याचे हुकूम त्यांना मिळाले. कायद्यानें हवेंतली लहर सरकारच्या मालकीची होतीच. आतां तिच्यावर पहाराही बसला. वर्तमानपत्रांवर नियंत्रण होतें, आणि रेडिओवर सरकारला सोयीची असेल तेवढीच बातमी येई. अशा स्थितींत ८ ऑगस्ट १९४२ चा दिवस उजाडला. गवालिया टँकच्या मैदानावर 'छोडो भारत'चा ठराव संमत झाला, आणि ९ तारखेच्या पहांटेपासून गांधीजींसह सर्व पुढाऱ्यांची धरपकड झाली. चळवळ होती, पण तिला वाचा राहिली नाहीं.

अशा वेळीं कोणाला काय सुचेल याचा नेम नसतो. उषा मेहता नांवाच्या एका बावीस वर्षांच्या विद्यार्थिनीला व तिच्या सोबत्यांना गुप्त रेडिओ केंद्र काढावें असें सुचलें. विठ्ठलदास ऊर्फ बाबूभाई खाकर, विठ्ठलदास झवेरी, चंद्रकांत झवेरी हे तिचे साथी. राममनोहर लोहिया आणि आपले अच्युतराव पटवर्धन यांच्यासारखे भूमिगत नेते त्यांच्या पाठीशीं होते. परंतु देशभक्तीनें व्हॉल्व्ह तापत नाहीं. त्याला वीज लागते, आणि ती कोठें व किती द्यावयाची हें जाणणारा माणूस लागतो. तो माणूस म्हणजे नरिमान प्रिंटर. हे मुंबईचे एक पारशी हौशी संदेशक. त्यांची परवान्याची खूण व्हीयू २ एफयू अशी होती. यंत्रसामग्रीच्या बाबतींत शिकागो रेडिओचे नानक मोटवाने यांचें नांव पुढें खटल्यांत आलें. काँग्रेसच्या सभांना ध्वनिवर्धक पुरविणारी म्हणून ही पेढी त्या काळीं सर्वांना ठाऊक होती. लाखालाखाच्या सभेंत गांधीजींचा क्षीण आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोंचविणारा विवर्धक, आणि तोच आवाज तुरुंगांत बंद झाल्यावर त्याचा संदेश देशभर नेणारा विवर्धक, यांच्यांत विद्येच्या दृष्टीनें फारसें अंतर नाहीं.

२७ ऑगस्ट १९४२ रोजीं काँग्रेस रेडिओ बोलूं लागला. भारतांतील कोठून तरी, ४२.३४ मीटरांवरून, काँग्रेस रेडिओ बोलत आहे, अशा अर्थाची घोषणा उषाबेन इंग्रजींतून करीत. आरंभीं 'हिंदोस्तां हमारा'चे सूर आणि शेवटीं 'वंदे मातरम्'. बोलणें हिंदींत व इंग्रजींत.

४२.३४ मीटर हा आंकडा श्रोत्यांच्या कानावरून सहज निसटून जाईल. पण आम्हां हौशी मंडळींना तो ऐकतांच ओळख पटते. रेडिओची लहर सेकंदाला सुमारे ३ लक्ष किलोमीटर धांवते. त्या वेगाला ४२.३४ मीटरांनीं भागलें म्हणजे सेकंदाला सुमारे ७० लक्ष ८० हजार कंपनें निघतात. आजच्या भाषेंत ७.०८ मेगाहर्ट्झ. ही जागा ज्याला हॅम लोक 'चाळीस मीटरांचा पट्टा' म्हणतात त्याच्यांतली आहे. म्हणजे सत्तेनें हौशी माणसाला ज्या आळींतून हुसकून लावलें होतें, त्याच आळींत रात्रीं दार ढकलून तो परत आला होता!

ही लहर निवडण्यांत शहाणपण होतें. दिवसां ती आकाशांतील विद्युत्कणांच्या थरावर आपटून शेंदोनशें कोसांच्या आंत खालीं उतरते, आणि सूर्य मावळल्यावर तोच थर तिला हजारों मैल दूर नेऊन सोडतो. शक्ति थोडी असली तरी पल्ला मोठा. मध्यमलहरीवर एवढाच पल्ला गांठावयाचा तर मोठाले मनोरे उभारावे लागतील. मालाडला मालवणीच्या बाजूस आकाशवाणीचे मनोरे ज्यांनीं पाहिले असतील त्यांना हें सांगावयास नको. गुप्त केंद्राला मनोरा कोठला? त्याला एक तार, दोन खुंट्या आणि रात्रीचा अंधार एवढ्यावरच भागवावें लागतें.

आतां या तारेचें शास्त्र थोडक्यांत सांगतों, कारण त्याशिवाय त्या माणसांची अडचण ध्यानांत यावयाची नाहीं. एरियलची तार लहरीच्या लांबीच्या अर्धी असली म्हणजे ती सुरांत असते. ४२.३४ चे अर्धे २१.१७ मीटर, पण प्रत्यक्षांत तारेच्या टोंकांच्या परिणामामुळें ती सुमारें ५ टक्के आंखूड ठेवावी लागते. म्हणजे झाली सुमारें २० मीटर, अर्थात् ६६ फूट. माझ्या गच्चीवरची तार तेवढीच असण्याचें कारण हें. परंतु पुस्तकांतलें माप आणि गच्चीवरचें माप यांची गांठ क्वचितच पडते. जवळ लोखंडी पन्हळ आला, भिंतींत सळया असल्या, तार जमिनीपासून अमुक फुटांवर असण्याऐवजीं तमुक फुटांवर आली, कीं तिचा सूर बदलतो. सतार एका बैठकींतून दुसऱ्या बैठकींत नेली तरी पुन्हां लावावी लागते ना? एरियलचें तसेंच आहे.

एरियल बेसूर असलें तर काय होतें? विवर्धकानें तयार केलेली शक्ति तारेंत शिरून हवेंत जाण्याऐवजीं कांहीं अंशीं परत फिरते. व्हॉल्व्हला ती पचत नाहीं. त्याची प्लेट तापून लाल होते. म्हणून विवर्धक लावतांना दोन गोष्टी आलटून पालटून कराव्या लागतात. प्रथम प्लेटच्या वेटोळ्यावरचा फिरता कंडेन्सर हळूहळू फिरवावयाचा. वेटोळें सुरांत आलें कीं प्लेटच्या विद्युत्प्रवाहाचा कांटा एकाएकीं खालीं पडतो. तो पडला म्हणजे सूर सांपडला. मग एरियलची जोडणी किंचित् घट्ट करावयाची. कांटा थोडा वर चढतो, म्हणजे तार शक्ति घेऊं लागली. पुन्हां कंडेन्सर, पुन्हां जोडणी. नवशिका येथें घाई करतो आणि व्हॉल्व्ह गमावतो.

विवर्धकाचे स्वतःचेही विकार असतातच. कधीं तो आपलाच आवाज ऐकून आपणच गाऊं लागतो: बाहेर पडणाऱ्या शक्तीचा अंश आंतल्या दारीं परत शिरतो आणि यंत्र कोणी न बोलतांच शीळ घालूं लागतें. त्यावर उपाय म्हणून एका लहानशा कंडेन्सरनें तितकाच उलटा अंश आंत सोडून त्याचें तोंड बंद करावें लागतें. कधीं वीज गाळणारा कंडेन्सर म्हातारा होतो आणि प्रत्येक शब्दामागें भुंग्यासारखी गुणगुण ऐकूं येते. कधीं एखादा डाक दिसावयास चकचकीत पण आंतून सुटलेला असतो. ज्या वृद्ध गृहस्थांनीं मला ही विद्या शिकविली त्यांचे दोन नियम होते. पहिला, दोष शोधावयाचा तो ओळीनें: आधीं वीज, मग लहर उत्पन्न करणारा भाग, मग विवर्धक, मग एरियल, उडी मारावयाची नाहीं. (मीं आठ रात्रीं घालविल्या त्या हा नियम शेवटपर्यंत न पाळल्यामुळें!) दुसरा, उघड्या यंत्रांत उजवा हात घालतांना डावा हात खिशांत. कारण बटण बंद केल्यावरही कंडेन्सरांत शेंकडों व्होल्ट दबा धरून बसलेले असतात, आणि दोन्ही हातांतून गेलेला झटका काळजांतून जातो.

हें सर्व मीं एकाच खोलींत, वर्षानुवर्षें करीत आलों. काँग्रेस रेडिओला एक जागा फार दिवस लाभत नसे. चौपाटीवरील सी व्ह्यू, लॅबर्नम रस्त्यावरील अजित व्हिला, सँडहर्स्ट रस्त्यावरील लक्ष्मी भवन, गिरगांवांतील पारेखवाडी, महालक्ष्मीच्या देवळाजवळचा पॅरडाइज बंगला, अशा जागा त्याला घ्याव्या लागल्या. यांपैकीं लॅबर्नम रस्ता तर मणिभवनाचाच रस्ता. १९१७ ते १९३४ पर्यंत मुंबईंत गांधीजींचा मुक्काम जेथें असे तें हें घर. प्रत्येक स्थलांतरांत यंत्र उचलावयाचें, शेजाऱ्यांना संशय न येईल अशा रीतीनें वर चढवावयाचें, तार बांधावयाची. आणि मग पुन्हां तोच कंडेन्सर, तोच कांटा, तीच जोडणी. शिवाय सूर लावतांनासुद्धां यंत्र हवेंत लहर सोडीत असतेंच. म्हणजे ज्या क्षणीं तुम्ही अजून एक शब्दही बोललेले नसतां, त्याच क्षणीं पोलिसाचें यंत्र तुम्हांला ऐकूं शकतें.

पोलीस ऐकतात कसे, हेंही सांगण्यासारखें आहे. तारेच्या वेटोळ्याचें एरियल घेऊन तें हळूहळू फिरविलें म्हणजे एका विशिष्ट स्थितींत आवाज अगदीं क्षीण होतो. त्यावरून लहर कोणत्या रेषेवरून येते तें समजतें. नकाशावर एक रेघ ओढावयाची. मग दुसऱ्या ठिकाणीं जाऊन दुसरी रेघ. दोन रेघा जेथें एकमेकींना छेदतात तेथें चोर! दूरच्या केंद्राची लहर आकाशांतून उतरते, तेव्हां ही युक्ति फसते. पण मैल-दोन मैलांच्या आंत लहर जमिनीलगत सरळ येते आणि मग मोटारींत बसविलेलें असें यंत्र गल्लीगल्लींतून फिरत, रेघा आंखीत, जाळें आंवळीत आणतें. म्हणून जो गुप्तपणें बोलतो त्यानें थोडें बोलावें आणि लवकर घर बदलावें. स्थलांतर हा काँग्रेस रेडिओचा छंद नव्हता. भूमितीनें लादलेला तो वनवास होता.

येथें उपनगरांतल्या श्रोत्यांना एक शंका येईल. त्या वेळीं अंधेरी, घाटकोपर, बोरिवली, मुलुंड हीं मुंबईच्या हद्दीबाहेर होतीं. पहिलीं दोन १९५० सालीं व दुसरीं दोन १९५७ सालीं मुंबईंत सामील झालीं. मोकळी शेतें, उंच ताड, विरळ वस्ती. एरियल बांधावयास याहून उत्तम जागा कोणती? मग हीं माणसें गिरगांव-चौपाटीच्या गर्दींतच कां राहिलीं? माझा तर्क असा कीं, मोकळ्या गांवांत लहर लपते पण माणूस लपत नाहीं. चार घरांच्या वस्तींत रोज रात्रीं परकी माणसें ये-जा करूं लागलीं तर दुसऱ्याच दिवशीं विहिरीवर त्याची चर्चा. उलट शहरांतल्या चार मजली इमारतींत बिऱ्हाडकरूला कोण विचारतो? यंत्राच्या सोयीपेक्षां माणसांची सोय त्यांना अधिक महत्त्वाची वाटली असावी.

आणि एवढ्या खटाटोपानें बोलावयाचें तरी काय? जें इतर कोठेंच ऐकूं येत नव्हतें तें. आपल्या चांदा जिल्ह्यांतील चिमूर आणि वर्धा जिल्ह्यांतील आष्टी येथें १६ ऑगस्टला लोकांचा उठाव झाला आणि मागाहून चिमूरला लष्करानें जे अत्याचार केले, ते छापण्याची वर्तमानपत्रांना मुभा नव्हती. काँग्रेस रेडिओनें ते सांगितले. जमशेटपूरच्या कामगारांचा संप, चितगांववरील बाँबहल्ला, हींही वृत्तें त्यानें दिलीं. सरकारी ऑल इंडिया रेडिओला ही मंडळी 'अँटी इंडिया रेडिओ' म्हणत. चिमूरच्या एखाद्या घरांत घडलेली गोष्ट मुंबईच्या एका गच्चीवरून हवेंत चढे आणि बिहारच्या एखाद्या गांवांत दार लावून बसलेल्या माणसाच्या कानीं पडे. आपलें दुःख कोणी तरी मोठ्यानें बोललें, हें पीडिताला कळणें ही लहान गोष्ट नव्हे.

१२ नोव्हेंबर १९४२ च्या रात्रीं पोलीस आले. कार्यक्रम संपत होता आणि 'वंदे मातरम्'ची तबकडी वाजत होती. दारें फोडून पोलीस आंत शिरले. उषाबेन व चंद्रकांत झवेरी जागच्या जागीं पकडले गेले. २७ ऑगस्टपासून मोजले तर तो ७८ वा दिवस. पुढें पांच जणांवर खास न्यायालयांत खटला चालला आणि १९४३ च्या मे महिन्यांत निकाल लागला. बाबूभाई खाकरांना ५ वर्षें, उषा मेहतांना ४ वर्षें, चंद्रकांत झवेरींना १ वर्ष अशा शिक्षा झाल्या. विठ्ठलदास झवेरी व नानक मोटवाने सुटले. उषाबेननीं येरवड्याच्या तुरुंगांत दिवस काढले व १९४६ सालीं त्या बाहेर आल्या.

आणि नरिमान प्रिंटर? ते छाप्यापूर्वींच पोलिसांच्या हातीं लागले होते. पुढें खटल्यांत त्यांनीं सरकारपक्षाच्या बाजूनें साक्ष दिली. ज्यानें यंत्राला वाचा दिली, त्याच्याच वाचेनें तें यंत्र पकडलें गेलें. या गोष्टीपाशीं येऊन मी दर वेळीं थांबतों. त्यांचें कृत्य कोणत्याही शब्दांनीं गोड करून सांगतां येणार नाहीं, आणि तसें करण्याची माझी इच्छाही नाहीं. ज्यांना शिक्षा झाल्या त्यांचीं वर्षें खरीं होतीं. तरी पण ज्यानें एकदां तरी रात्रीं एकट्यानें विवर्धक लावला आहे, त्याला हेंही विसरतां येत नाहीं कीं, प्रिंटरांच्या हातावांचून ते ७८ दिवस झालेच नसते. लोखंड, कांच, तांबें यांचा दोष मापकावर दिसतो. कोणत्या भाराखालीं कोणता माणूस तुटेल हें दाखविणारा कांटा अजून कोणी बनविलेला नाहीं. इतिहासानें त्यांच्या नांवापुढें दोन्ही नोंदी कराव्या: हें यंत्र यांनीं उभें केलें, आणि हें यंत्र यांनीं पाडलें. त्यांतली एक नोंद पुसणें म्हणजे उरलेलीलाही खोटें पाडणें होय.

आणखी एक गंमत सांगतों. हवेंतला शब्द टिकत नाहीं. मग काँग्रेस रेडिओ रोज काय बोलला हें आज आपणांस कसें ठाऊक? तर तें पोलिसांमुळें! सरकारी श्रवणकेंद्रांतली माणसें रोज कान लावून तीं भाषणें ऐकत व शब्दशः उतरून घेत. हेतु होता पुरावा गोळा करण्याचा. पण साम्राज्य गेलें आणि तो पुरावा दफ्तरांत राहिला. आज अभ्यासकांना त्या केंद्राचे शब्द वाचतां येतात ते त्याच कागदांवरून. ज्यांनीं तो आवाज बंद पाडला त्यांनींच तो जपून ठेवला. मन लावून ऐकणाऱ्या शत्रूचेही कधीं कधीं असे उपकार होतात.

उषाबेननीं पुढें गांधीविचारावर प्रबंध लिहून डॉक्टर ही पदवी मिळविली, विल्सन कॉलेजांत अनेक वर्षें अध्यापन केलें, आणि त्याच लॅबर्नम रस्त्यावरील मणिभवनाच्या संग्रहालयाची धुरा वाहिली. १९९८ सालीं त्यांना पद्मविभूषण मिळालें. ११ ऑगस्ट २००० रोजीं, ऑगस्टच्याच महिन्यांत, त्या वारल्या. युद्धानंतर १९४६ सालीं हौशी संदेशकांना पुन्हां हवा खुली झाली, आणि माझ्यासारखे अनेकजण आज उपनगरांतल्या गच्च्यांवर निर्धास्तपणें तारा बांधतात.

आमच्या अडचणी आतां अगदीं क्षुल्लक. इमारतीच्या समितीची परवानगी मिळवावयाची. मोबाइलच्या खांबांतून आणि पत्र्यांच्या छपरांतून तारेला वाट काढावयाची. घरोघरच्या एल्‌ईडी दिव्यांची व लिफ्टच्या मोटारीची खरखर सोसावयाची. कांहींजण विचारतात, हातांत मोबाइल असतांना हा उपद्व्याप कशासाठीं? मी त्यांना एवढेंच सांगतों कीं, मोबाइलचा आवाज दुसऱ्याच्या खांबांवरून जातो. खांब ज्याचा, त्याच्या मर्जीनें तो चालतो आणि त्याच्या मर्जीनें बंद पडतो. स्वतःचा आवाज स्वतःच्या हातानें दूरवर पोंचविण्याची विद्या समाजांतल्या चार माणसांना तरी यावी. रोज तिची गरज पडणार नाहीं. पण ज्या दिवशीं पडते त्या दिवशीं ती शिकावयास वेळ नसतो. १९४२ च्या ऑगस्टांत वेळ नव्हता. तेव्हां कामास आली ती पूर्वींच्या वर्षांत, निव्वळ हौसेखातर, कोणी तरी शिकून ठेवलेली विद्या.

गच्चीवरचा तो जोड मीं पुन्हां नीट बांधला, वर मेण लावलें. त्या रात्रीं कंडेन्सर फिरवितांना कांटा स्वच्छ खालीं पडला. बोलावयास सुरुवात करण्यापूर्वीं मीं ग्राहकयंत्राची खुंटी फिरवीत ती ७.०८ च्या जागीं आणली आणि थोडा वेळ नुसता ऐकत बसलों. कोणी तरी हळू आवाजांत आपलें नांव आणि गांव सांगत होतें. आपण कोठून बोलतों हें त्याला निर्भयपणें सांगतां येत होतें. 'भारतांतील कोठून तरी' असें म्हणण्याची त्याला गरज उरलेली नव्हती. मीं त्याला उत्तर दिलें आणि माझेंही गांव सांगितलें: मुलुंड, मुंबई.